कूलरचा फोटो कुणी काढला?

पत्र थोडक्यात असं आहे (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे इकडचे तिकडे केलेत): लिहिणाऱ्या बाई 34 वर्षांच्या, चाकण पट्ट्यातल्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत एचआरला असिस्टंट मॅनेजर. स्टाफ, ऑपरेटर, ट्रेनी आणि कंत्राटी धरून प्लँटवर साधारण 640 माणसं. 1 मे ला कंपनीनं स्वतःचं सोशल नेटवर्क सुरू केलं, म्हणजे फेसबुकसारखंच पण फक्त कंपनीतल्या लोकांसाठी, मोबाइलवर अ‍ॅप, त्यात ग्रुप, लाइक, कॉमेंट सगळं. केक कापला, टी-शर्ट वाटले, पहिल्या आठवड्यात 380 जणांनी लॉगिन केलं. आता श्रावण लागलाय आणि गेल्या आठवड्यात अ‍ॅप उघडून बघणारे 41 जण, पोस्ट 11, त्यातल्या 9 ह्यांच्या स्वतःच्या (वाढदिवस, सुविचार, सेफ्टी स्लोगन). एमडींनी सांगितलंय, दसऱ्यापर्यंत 70 टक्के लोक लिहिताना दिसले पाहिजेत, नाहीतर अप्रेझलला जोडून टाका. प्रॉडक्शन हेड म्हणतात लोकांना कामं नाहीत का. आणि ऑपरेटर मंडळी त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसाला दोनशे मेसेज टाकतायत. "लोकांना बोलायला आवडतं हे तर दिसतंय ताई, मग इथेच का तोंड उघडत नाहीत? त्यांना पोस्ट टाकायला कसं लावू? पॉइंट्स आणि बक्षिसं ठेवली तर चालेल का?"

ताई म्हणालात म्हणून हक्कानं बोलते, राग मानू नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं नेहमीचंच आहे, अ‍ॅप आणलं, लोक आले नाहीत, आता टार्गेट आलंय. दुसऱ्यांदा वाचताना शेवटून तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य सापडलं जे तुम्ही अगदी जाता जाता लिहिलंय. "सुरुवातीला मेंटेनन्सच्या एका मुलानं वॉटर कूलर बंद असल्याचा फोटो टाकला होता, त्याला 62 लाइक पण आले, पण हेडसाहेबांच्या सांगण्यावरून तो काढावा लागला, तेवढं एक सोडलं तर काही प्रॉब्लेम झाला नाही."

अहो, सगळा घोळ तिथेच आहे की.

जरा डोळ्यासमोर आणा. मे महिना, वर पत्र्याची शेड, प्रेस शॉपजवळचा पाण्याचा कूलर बंद. पोरगा चहाच्या सुट्टीत फोटो काढतो आणि तुमच्या नव्याकोऱ्या अ‍ॅपवर टाकतो, कारण लाँचच्या दिवशी माइकवरून सांगितलं गेलं होतं की मनमोकळं बोला, हे आपल्या सगळ्यांचं आहे. त्यानं ते खरं मानलं बिचाऱ्यानं. 62 लाइक, म्हणजे प्लँटवरचा दर दहावा माणूस! जे पार्टिसिपेशन तुम्ही आज शोधताय ते पहिल्याच पंधरवड्यात स्वतःच्या पायानं चालत तुमच्याकडे आलं होतं. आणि मग हेडसाहेबांचा फोन आला. त्या पोरानं फोटो काढला आणि तुम्हीही फोटो काढला, मराठीत शब्द एकच, पण लोकांनी लक्षात ठेवलं ते दुसरं काढणं.

कंपनीतली बातमी नोटीस बोर्डावरून जात नाही, ती बसमधून जाते. त्या दिवशी सेकंड शिफ्टची बस सुटली तेव्हा तळेगाव पॉइंट येईपर्यंत अख्ख्या बसला कळलं असणार की अ‍ॅपवर काय टाकायचं नसतं. आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं त्याला "काय फोटोग्राफर, आज कशाचा फोटो?" असं म्हटलं नसेल तर मी हे सदर लिहिणं बंद करीन. त्यानंतर कोण कशाला लिहील? तुम्ही विचारताय तोंड का उघडत नाहीत. त्यांनी एकदा उघडून बघितलं, काय होतं ते कळलं, आणि शहाण्या माणसासारखं मिटलं.

तेव्हा पहिली गोष्ट, ही माणसं आळशी नाहीत, आणि "आपल्या लोकांना टेक्नॉलॉजी जमत नाही" हे जे तुमचे आयटीवाले म्हणतात तेही खरं नाही. जो माणूस फोनवर गावाकडच्या सात-बाऱ्याचा उतारा काढतो, पीएफचा बॅलन्स बघतो, मुलीची अ‍ॅडमिशन भरतो, त्याला तुमचं एक बटण दाबता येत नाही होय?

आता त्या 70 टक्क्यांबद्दल. पार्टिसिपेशन म्हणजे पोस्ट टाकणं असं तुम्ही आणि एमडी दोघांनी धरून चाललंय. याकोब नील्सन म्हणून वेबसाइटच्या वापराचा अभ्यास करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी 2006 मध्ये एक ढोबळ नियम मांडला होता, ऑनलाइन मंडळींत साधारण 90 टक्के लोक नुसते वाचतात, 9 टक्के अधूनमधून काहीतरी लिहितात आणि उरलेला 1 टक्का बहुतेक सगळं लिहून काढतो. तो उघड्या इंटरनेटबद्दल होता, कंपनीत माणसं ओळखीची असतात म्हणून थोडं वेगळं दिसू शकेल, पण 640 मधले साडेचारशे जण दसऱ्यापर्यंत लेखक होणार हे होणे नाही. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बघा ना, दोनशे फ्लॅट असतील तर बोलणारे तेच सात-आठ काका आणि एक पार्किंगवाल्या काकू. बाकीचे वाचतात. पाणी कधी येणार हे वाचून बादल्या भरतात. त्यांचा सहभाग नाही असं म्हणाल का तुम्ही? मग ऑपरेटरनं अ‍ॅपवर वाचलं की शनिवारी बस वीस मिनिटं आधी सुटणार आणि तो वेळेवर पॉइंटवर उभा राहिला तर तोही पार्टिसिपंटच आहे, त्यानं "नाईस इन्फो सर" लिहिण्याची काही गरज नाही.

पॉइंट्स आणि बक्षिसांचं म्हणाल तर मी स्वतः हे करून पोळलेय. पंधराएक वर्षं मी पण एचआरमध्येच होते, एका कंपनीत आम्ही असंच नेटवर्क आणलं, लाइकला एक पॉइंट, कॉमेंटला तीन, पोस्टला पाच, तिमाहीचं बक्षीस मिक्सर. स्टोअर्समधल्या एका गृहस्थांनी नाइट शिफ्टला बसून एका रात्रीत जवळजवळ नऊशे लाइक ठोकले, त्यात एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या निधनाच्या पोस्टलाही अंगठा. मिक्सर त्यांनाच द्यावा लागला, नियमात बसत होतं. एमडींना दाखवलेल्या ग्राफमध्ये मात्र ती तिमाही काय सुंदर दिसत होती! तेव्हापासून मला असल्या ग्राफचं कौतुक उरलेलं नाही. आणि अप्रेझलला जोडलंत तर ह्याच्याही पुढे जाईल, लोक ओव्हरटाइम भरल्यासारखे कॉमेंट भरतील आणि मनातून त्या अ‍ॅपला शिव्या घालतील. एमडींना हे तुम्हालाच सांगावं लागेल. कसं सांगायचं त्यावर येते.

त्याआधी व्हॉट्सअ‍ॅप. तुमच्या पत्रात एक सूर आहे की ते ग्रुप बंद केले तर लोक नाइलाजानं इकडे येतील. नका करू. तो त्यांचा कट्टा आहे, तिथे हेडसाहेबांची नक्कल होते, क्रिकेट होतं, कुणाच्या गावच्या जत्रेचे फोटो येतात, उसने पैसे मागितले जातात. कट्ट्यावर साहेब येऊन बसला की कट्टा उठतो आणि दुसऱ्या पानटपरीपाशी भरतो, एवढंच होतं. तुमचं अ‍ॅप ही चावडी आहे. चावडीवर माणूस दोन कारणांनी जातो, एक म्हणजे तिथे काहीतरी काम होतं, आणि दुसरं म्हणजे तिथे विचारलेलं चारचौघांसमोर विचारलेलं असतं म्हणून उत्तर द्यावं लागतं. काम होत नसेल आणि उत्तर मिळत नसेल तर चावडीवर कुत्रीच झोपतात.

फक्त एक बाब कट्ट्यावरून चावडीवर आणायलाच हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रॉइंगचे, कस्टमरच्या पार्टचे, रिजेक्शनच्या पेटीवरच्या लेबलचे फोटो फिरत असतील, आणि फिरत असणारच, तर ते थांबवायला हवं. इथे मला तुमच्या प्रॉडक्शन हेडची बाजूही थोडी घ्यायचीय. शॉप फ्लोअरवरचा फोटो म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो तो उगाच नाही, मागे एखादा जिग (पार्ट धरून ठेवायचं साधन) किंवा नवा पार्ट दिसला आणि तो फोटो कस्टमरच्या हाती गेला तर बोलणी त्यांनाच बसणार. त्यांच्याशी भांडू नका, त्यांच्यासोबत बसून दोन ओळी ठरवा: पार्ट, ड्रॉइंग, मशीनचा डिस्प्ले, लेबल ह्यांचा फोटो नाही, कूलर, कॅन्टीन, संडास, बस, पार्किंग ह्यांचा बिनधास्त. मराठीत आणि हिंदीत छापा आणि टाइम ऑफिसजवळ, पंचिंग मशीनच्या वर लावा. हेडनी स्वतः सही केलेला कागद असला तर पोरांनाही धीर येईल आणि उद्या परत फोन आला की दाखवायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

मग करायचं काय. आधी तो मुलगा. त्याला केबिनमध्ये बोलावू नका, केबिनमध्ये बोलावलं की त्याचं पाणी पाणी होईल, तुम्ही त्याच्या जागेवर जा, चहाच्या वेळेला, आणि सरळ सांगा की फोटो मी काढून टाकला, चुकलं माझं. एचआरची माणसं हे वाक्य फार कमी बोलतात, त्यामुळे त्याचं वजन असतं. मग विचारा, परत टाकू का. तो "नको मॅडम, राहू द्या" म्हणेल, तर राहू द्या, जबरदस्तीनं त्याला हिरो करू नका, हिरो झालेल्या ऑपरेटरचं पुढच्या इन्क्रिमेंटला काय होतं ते आपल्या दोघींना माहितीय. मग पोस्ट तुमच्या नावानं टाका: मे महिन्यात कूलरची तक्रार आली होती, ती पोस्ट आम्ही काढून टाकली, तसं करायला नको होतं, कूलरचं काम अमुक तारखेला झालं, पुढचं सर्व्हिसिंग ह्या तारखेला. बस. सुविचार नाही, हात जोडलेला इमोजी नाही.

नंतर पुढचे दोन महिने "मनमोकळं बोला" हे शब्द सुद्धा काढू नका. त्याऐवजी लोकांना रोज लागणाऱ्या तीन-चार गोष्टी फक्त तिथेच आणि वेळेआधी मिळतील असं करा. बसचा बदल, कॅन्टीनचा मेनू, पुढच्या आठवड्याच्या शिफ्ट, सी-ऑफ (सुट्टीच्या दिवशी काम केल्याबद्दलची बदली रजा) किती शिल्लक. दिवाळी बोनसच्या तारखेसाठी तर माणूस झोपेतून उठून अ‍ॅप उघडेल. त्याशिवाय एक खरेदी-विक्रीचा ग्रुप ठेवा, जुनी बाइक, भाड्याची खोली, पहिलीची पुस्तकं, आणि त्यात एचआरनं अजिबात तोंड घालू नये. मोठी माणसं ह्याला टाइमपास म्हणतात, पण म्हाळुंग्यात सिंगल रूम शोधणाऱ्या ट्रेनीला विचारा तो टाइमपास आहे का ते.

आणि प्रश्न आला की 48 तासांत उत्तर. उत्तर म्हणजे काम झालंच पाहिजे असं नाही, "ह्या वर्षी बजेट नाही, एप्रिलमध्ये परत मांडू" हेही उत्तरच आहे, माणसं नाही ऐकून घेतात, गप्पपणा ऐकून घेत नाहीत. त्यासाठी मेंटेनन्स, कॅन्टीन, ट्रान्सपोर्ट, टाइम ऑफिस ह्यांचा एकेक माणूस नावानिशी ठरवा आणि त्याला रोजची पंधरा मिनिटं ड्यूटीतली द्या. एमडींसमोर पण हाच आकडा ठेवा. "साहेब, किती जणांनी लिहिलं हे मी मोजणारच आहे, पण त्यासोबत किती प्रश्न आले, किती दोन दिवसांत मिटले, किती लटकले हे दर सोमवारी देते." एमडी लोकांना आकडा हवा असतो, कुठला हवा हे बहुतेकदा त्यांनाही कुणीतरी सुचवलेलंच असतं, मग तुम्ही सुचवा.

हे मी काही अमेरिकेतून आणलेलं नाही. 1980 मध्ये हैदराबादच्या भेलमध्ये (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) क्वालिटी सर्कल सुरू झाली आणि मग देशभर त्यांचं लोण पसरलं, सात-आठ कामगारांनी आठवड्यातून एकदा बसायचं, आपल्याच कामातली अडचण शोधायची, उपाय मांडायचा. मी दोन्ही प्रकार पाहिलेत. जिथे मांडलेल्या उपायावर साहेब हो किंवा नाही काहीतरी म्हणायचा तिथे लोक शिफ्ट संपल्यावरही थांबायचे, आणि जिथे ऑडिटसाठी फोटो काढून फाइल लावायचे तिथे फाइलच तेवढी जाड व्हायची. आणि त्याच्याही कितीतरी आधी, 1920 मध्ये, किर्लोस्करवाडीला 'किर्लोस्कर खबर' निघालं तेही कारखान्याचं पत्रक म्हणूनच, शंकरराव किर्लोस्करांनी ते कंपनीच्या बातम्यांपुरतं न ठेवता त्यात वाचावंसं वाटेल असं काय काय घातलं आणि बघता बघता ते मराठी घरांत जाणारं मासिक झालं. तुमच्या अ‍ॅपचं मासिक व्हावं असं मी म्हणत नाही, पण गेल्या आठवड्यातल्या तुमच्या नऊ पोस्टमध्ये वाचावंसं वाटेल असं काय होतं, जरा स्वतःच स्क्रोल करून बघा.

भाषेचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत पण एमडींचा जो मेसेज जोडलाय तो इंग्रजीत चारशे शब्दांचा आहे. त्यांना मराठी बोलता येतं ना? मग फोनवर एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करून टाकायला सांगा, अडखळले तरी चालेल, अडखळले तर जास्तच चालेल. लोकांनीही देवनागरी, रोमन, हिंदी, बोलून, जमेल तसं टाकावं आणि शुद्धलेखनावरून कुणी कुणाला हसलं तर तेवढ्यापुरतं मात्र तुम्ही मध्ये पडा.

आणि फोन? लाइनवर फोन न्यायला बंदी आहे असं तुम्हीच लिहिलंय, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. मग तो माणूस अ‍ॅप बघणार कधी, बसमध्ये, घरी, म्हणजे त्याच्या वेळेत आणि त्याच्या डेटावर. ह्याला सहभाग म्हणायचं की फुकटचा ओव्हरटाइम? कॅन्टीनमध्ये वाय-फाय द्या, एक टीव्ही लावा ज्यावर त्या दिवशीचे प्रश्न आणि उत्तरं फिरत राहतील. शिफ्ट बदलताना सुपरवायझर पाच मिनिटं बोलतोच, त्यात "अ‍ॅपवर काय आलंय" हे त्यानं वाचून दाखवावं आणि ज्याला टाइप करायचं नाही त्याचा प्रश्न त्यानं टाकावा, नाव न घालता.

कंत्राटी कामगारांचं तुम्ही गुळमुळीत ठेवलंय. 640 मध्ये ते मोजलेत पण लॉगिन कंपनीच्या ईमेलवर आहे आणि ईमेल त्यांना नाहीत, मग 70 टक्के कशाचे? मोबाइल नंबरवर लॉगिन देता येत असेल तर द्या. लीगलवाले नको म्हणत असतील तर निदान मोजताना त्यांना वगळा आणि एमडींना तसं सांगा. कूलरचं पाणी तेही पितात एवढं बोलून पुढे जाते.

एक सावधगिरी. माणसं खरंच बोलायला लागली की कधीतरी कुणीतरी भलत्या ठिकाणी भलतं लिहिणार. एखादी मुलगी सुपरवायझरच्या वागण्याबद्दल लिहील. ती पोस्ट तिथे चर्चेला ठेवायची नाही, 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात तक्रारदाराची आणि आरोपीची ओळख, तक्रारीतला मजकूर जाहीर करायला मनाई आहे. ती पोस्ट दिसायची बंद करा, पण कूलरसारखी गुपचूप नाही, त्याच तासाला तिला स्वतः फोन करा, काय केलं आणि का ते सांगा, अंतर्गत समितीकडे तक्रार द्यायला मदत करा. कोणती पोस्ट कोण काढू शकतं आणि काढल्यावर लिहिणाऱ्याला काय सांगायचं, हे आत्ताच कागदावर ठरवा.

आणि ह्या अ‍ॅपच्या फार प्रेमात पडू नका. मेटानं, म्हणजे फेसबुकवाल्यांनीच, 2016 मध्ये कंपन्यांसाठी असंच नेटवर्क मोठ्या थाटात आणलं होतं, आणि 2024 च्या मे मध्ये ते बंद करणार म्हणून जाहीर केलं. एवढ्या मोठ्यांचं हे, मग तुमच्या व्हेंडरचं काय सांगावं. मशीन ब्रेकडाउनचा चांगला उपाय कुणी लिहिला, तर तो त्याच आठवड्यात तुमच्या मेंटेनन्सच्या रेकॉर्डमध्येही लिहून ठेवा, करणाऱ्याच्या नावासकट.

असंच विचारणारी आणखी दोन पत्रं आली आहेत, एक नाशिकच्या हॉस्पिटलमधून आणि एक सहकारी बँकेतून. त्यांनाही वेगळं काही सांगायचं नाही, तुमचा तुमचा कूलर कुठला ते आठवा. हॉस्पिटलवाल्यांसाठी एवढंच जादा की पेशंटचा चेहरा, नाव, रिपोर्ट ह्यातलं काहीही फोटोत नको, आणि नर्सताईंच्या ड्यूटी चार्टचे बदल आधी तिथे टाका, बघा कशा उघडून बघतात.

दसऱ्यापर्यंत तुमचे 70 टक्के होणार नाहीत हे मी आत्ताच सांगून ठेवते. तीस-चाळीस माणसं लिहायला लागली आणि तीन-चारशे वाचायला लागली तर पेढे पाठवा. सगळ्यात आधी मात्र एक काम आहे. अख्ख्या पत्रात फोटो काढल्याचं लिहिलंत, लाइक किती आले तेही लिहिलंत, पण तो कूलर पुढे चालू झाला का ते कुठेच लिहिलेलं नाही. उद्या फर्स्ट शिफ्टला प्रेस शॉपमध्ये जाऊन ग्लासभर पाणी पिऊन या.